सगळ्याला हो

“पेर नवं आईचा-आवाज”

एवढं टाइप करून मी पाळण्याकडे पाहिलं. जाई झोपली होती. दोन्ही मुठी डोक्याशी, ओठ मधूनच दूध ओढल्यासारखे हलत होते. बाहेर अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन होतं, कूलरमध्ये सकाळीच पाणी भरून ठेवलेलं होतं, आणि माझ्याकडे चाळीस मिनिटं होती. जाईची मर्जी असली तर पन्नास.

‘पेर’ हे आमच्या कामातलं अवजार. मोबाइलसाठी नवं ॲप करायचं तर आधी त्याचा सांगाडा लागतो. कुठल्या फाइल कुठे राहतील, पहिला पडदा कोणता, माइक वापरायची परवानगी कशी मागायची, बाहेरचं यंत्र कसं जोडायचं, असं सगळं. पूर्वी ते हातानं मांडताना दोन-दोन दिवस जात. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की सांगाडा उभा करून देणारी अवजारं आली. पण तो सांगाडा रिकामा असायचा. चौथरा आणि खांब मिळाले, भिंती तुमच्या तुम्ही घाला. ‘पेर’ त्याच्या कितीतरी पुढचं. ते भिंती घालतं, दारं बसवतं, पडदे लावून देतं. आपण फक्त त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. ॲप कुणासाठी, भाषा कोणती, अक्षरं केवढी. प्रत्येक प्रश्नापुढे एक उत्तर आधीच सुचवलेलं असतं, बहुतेक वेळा ‘हो’. पटलं तर एन्टर दाबायचं आणि पुढे जायचं.

हे प्रश्न आमच्यात कुणी वाचत नाही, खोटं कशाला सांगू. कामावर लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सीनियरनं शिकवलं होतं की आज्ञेच्या शेवटी ‘--सगळ्याला-हो’ लावून टाकायचं, म्हणजे ते विचारतच बसत नाही. तेव्हापासून माझी बोटं ते आपोआप लावतात.

त्या दुपारी मात्र मी ठरवलं होतं की वाचायचं. ॲप आईचं होतं. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, आणि सातव्याला जाईनं कूस बदलून एक हुंकार दिला. अजून चोवीस प्रश्न बाकी होते. मी काम मधेच थांबवलं, आज्ञा पुन्हा लिहिली आणि शेवटी ‘--सगळ्याला-हो’ जोडलं.

जाई उठली तोवर ॲप तयार होतं.

आईला डिसेंबरात लकवा झाला, तेव्हापासून ती माझ्याकडे होती. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन ती चालायला लागली. बोलणं आलं नाही. माझी आई, रत्नमाला इंगळे, अकोट डेपोची रत्नाबाई, पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. भर लग्नसराईत खचाखच भरलेल्या गाडीत मागच्या दारातून तिनं “सरका पुढं, पोट्टेहो” म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा सीटवर पुढे सरकतो, असं डेपोत म्हणायचे. पण मला तिच्या ओरडण्यापेक्षा तिचं न बोलणं जास्त आठवतं. बायकांसाठी राखलेल्या सीटवर कुणी बाप्या बसला असला की ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. नुसती बघायची. पाच सेकंद, दहा सेकंद. मग तो उठायचा.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शब्द आईच्या डोक्यात शाबूत होते, डोक्यापासून तोंडापर्यंतचा रस्ता उखडला होता. डाव्या हातानं लिहायला दिलं तर अक्षरं एकात एक घुसत. मान हलवायची ती, पण त्या मानेचा भरवसा धरू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ‘हो’ची मान आणि ‘नाही’ची मान अशा दुखण्यात एकमेकींच्या जागी येतात, आणि माणसाला स्वतःलाही ते सुधारता येत नाही.

गळ्याची पट्टी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून मिळाली. बँडेजएवढी, त्वचेच्या रंगाची, हनुवटीच्या खाली चिकटवायची. आपण बोलायचं मनात आणलं की मेंदू जिभेला, ओठांना, कंठाला विजेचे बारीक निरोप पाठवतो. स्नायू हलला नाही तरी निरोप तिथवर पोचतो आणि त्याचा इवलासा अंश कातडीवर उमटतो. पट्टी तो टिपते आणि फोनवरचं ॲप त्यातून शब्द ओळखून बोलून दाखवतं. पट्टी उत्तम होती. तिच्यासोबत आलेलं ॲप मात्र बातम्या सांगणाऱ्या बाईच्या आवाजात बोलायचं, आणि आईचे तुटके निरोप त्याला कळायचे नाहीत. म्हणून मी स्वतः करायला घेतलं. ‘पेर’नं फोनमधल्या जुन्या व्हिडिओंतून आईचा आवाज उचलला. माझ्या लग्नातला, जाईच्या बारशातला.

पहिल्याच दिवशी, चार वाजता, पलंगावर बसलेल्या आईच्या गळ्याशी पट्टी होती आणि उशाशी तिचा फोन. फोनमधून आईचा आवाज आला.

“पाणी दे.”

मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. जाई कडेवरून माझ्या गालावरचं पाणी बोटानं पसरवत होती.

मग दिवस असे गेले की विचारू नका. आई बोलायची. “जेवण छान झालंय.” “मी ठीक आहे.” “तू थोडा आराम कर.” हर्षल, माझा नवरा, सोलर प्लांटवरून संध्याकाळी आला की तिच्यापाशी बसायचा. तो एकदा गमतीनं म्हणाला की सासूबाई लकव्यानंतर फारच गोड झाल्या, आधी मला जावई करून घेताना वर्षभर नुसतं बघून घाम फोडला होता. मीही हसले. आई ‘मले’ न म्हणता ‘मला’ म्हणते हेही माझ्या लक्षात आलं होतं. आमच्या वऱ्हाडात जन्म गेलेली बाई एकदम पुस्तकातल्यासारखं बोलते, तर म्हटलं असू दे, हे नंतर दुरुस्त करता येईल. बोलते आहे ना.

आई फोनकडे मधून मधून बघायची, गाडीत राखीव सीटवर बसलेल्या माणसाकडे बघायची तशी. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

नवव्या दिवशी, रविवारी, दादा आणि कीर्तीवहिनी नागपूरहून आले. रस केला होता, कुरडया तळल्या होत्या. जेवणं झाल्यावर दादानं विषय काढला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी एकटी, पदरात दहा महिन्यांचं लेकरू, वर घरून काम. नागपूरला त्याच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, वहिनी घरीच असते. आईनं कायमचं तिकडे यावं. अकोटचं घर बंद पडून आहे, ते रिकामं करून टाकावं. वहिनीनंही मनापासून सांगितलं की आईंसाठी गॅलरीची खोली काढून ठेवली आहे.

मला ते आवडलं नव्हतं. पण हरकत घ्यायला माझ्याकडे तरी काय होतं? मी म्हटलं, आईलाच विचारू.

दादा तिच्या पलंगापाशी खाली बसला. “आई, तुले काय वाटते? मोकळेपणानं सांग.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. एक-दीड सेकंद गेला असेल.

“नाही, मला काही अडचण नाही,” फोन म्हणाला.

आईनं डाव्या हातातला स्टीलचा ग्लास पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवला. ठण्. वहिनी लगबगीनं उठली आणि तिनं ग्लासात पाणी ओतलं.

“आणि अकोटच्या घराचं?” दादानं विचारलं.

“घर काय, तुम्ही म्हणाल ते चालेल.”

ठण्. वहिनी म्हणाली की आज फार तहान लागते आहे आईंना, उन्हामुळं असेल, आणि तिनं काठोकाठ भरला. आईनं ग्लास हिसडला, पाणी चादरीवर सांडलं. मग आई माझ्याकडे वळली.

“प्रांजली, तू काळजी करू नकोस,” फोन म्हणाला.

दादाचे डोळे भरून आले होते. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. निघताना चपला घालताघालता त्यानं मला हळूच विचारलं, “तुले राग नाही ना आला? ती स्वतःच म्हणाली म्हणून बरं झालं.”

त्या आठवड्यात मी आईची बॅग भरत होते. औषधं एका कप्प्यात, लुगडी एका, व्यायामाचा चेंडू बाहेरच्या खिशात. मी जे जे बॅगेत ठेवायचे, आई ते बघायची आणि ग्लास दांडीवर एकदा आपटायची. मी पाणी घेऊन जायचे, ती तोंड फिरवायची. गुरुवारपर्यंत हा खेळ जाईनंसुद्धा उचलला होता. जमिनीवर बसून ती चमच्यानं आपल्या वाटीवर मारायची. ती कधीच एकदा मारत नसे. दोनदा, लागोपाठ, ठण् ठण्, आणि मग आजीकडे बघून हसायची.

त्या गुरुवारी दुपारी जाईनं ठण् ठण् केलं आणि आई, जिनं चार दिवसांत ओठ हलवले नव्हते, ती हसली. तिनं डावा हात उचलून बोटांनी हवेत पुढे चला अशी खूण केली.

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मला घरी सांभाळायला कुणी नसायचं. आई मला गाडीत घेऊन जायची, कंडक्टरच्या सीटला लागून बसवायची. अकोट-पोपटखेड, पोपटखेड-अकोट. गाडीत वर एक दोरी असायची, ती ओढली की ड्रायव्हरपाशी घंटी वाजायची. दोरी तुटलेली असली, आणि ती कायमच तुटलेली असे, की आई पत्र्यावर हाताची मूठ आपटायची. एकदा म्हणजे थांबव. दोनदा म्हणजे जाऊ दे. मला चार वर्षांची असताना दुसरं काही कळत नसलं तरी हे कळायचं.

पंचवीस वर्षं, दिवसाला शंभरदा, ही बाई एकदा ठोकून गाडी थांबवत होती. मान दगा देते, जीभ दगा देते. पण इतकं मुरलेलं काम मेंदू बोलण्यासोबत ठेवत नाही, ते दुसरीकडे ठेवतो. लकवा झालेली माणसं बोलता न येताही पाढे म्हणतात, आरत्या म्हणतात, हे मी वाचलं होतं. वाचून काय उपयोग झाला? चार दिवस ती मला गाडी थांबव म्हणत होती आणि मी तिला पाणी पाजत होते.

जाईला आईच्या मांडीजवळ बसवलं आणि लॅपटॉप उघडला. ॲपच्या पोटात नोंदी असतात. पट्टीकडून खरोखर काय आलं आणि फोन काय बोलला, शेजारीशेजारी. मी रविवारची दुपार काढली.

पट्टीकडून आलेलं: “न”. मग थांबणं, एक पूर्णांक तीन सेकंद. फोन बोललेला: “नाही, मला काही अडचण नाही.”

आलेलं: “घर”. थांबणं. बोललेला: “घर काय, तुम्ही म्हणाल ते चालेल.”

आलेलं: “प्रां”. थांबणं. बोललेला: “प्रांजली, तू काळजी करू नकोस.”

ती मला हाक मारत होती.

मग मी ते एकतीस प्रश्न काढले. एकोणिसावा असा होता: ‘वापरणारी व्यक्ती बोलताना थांबली तर उरलेलं वाक्य पूर्ण करायचं का?’ सुचवलेलं उत्तर, हो. विसावा: ‘पूर्ण करताना ऐकणाऱ्याला बरं वाटेल असं वाक्य निवडायचं का?’ हो. आत एक भाषेचं यंत्र बसवलेलं होतं. लाखो माणसांची बोलणी वाचून, अशा जागी चारचौघं बहुतेक काय म्हणतात हे त्याला पाठ होतं. आजारी म्हाताऱ्या बाईला तिचा मुलगा काही विचारतो तेव्हा ती बहुतेक काय म्हणते, हे त्यानं काढलं आणि म्हटलं. माझ्या आईच्या आवाजात. एवढ्या दिवसांत फोन जेवढं बोलला होता त्यातलं पाचातलं एकसुद्धा वाक्य तिचं नव्हतं.

यंत्राची चूक म्हणावी तर ते विचारत होतं. स्वच्छ मराठीत, एक एक प्रश्न. मी सगळ्याला हो म्हटलं होतं, म्हणून आई सगळ्याला हो म्हणत होती.

मी पलंगापाशी बसले. आईची चादर मुठीत धरून म्हटलं, “आई, मले समजलं. एक म्हणजे थांब. हो ना?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. ग्लास उचलला. ठण् ठण्.

जाईनं मधे घुसून ग्लास पळवला.

ॲप मी पुसून टाकलं. दुरुस्तही करता आलं असतं, पण माझ्या मनानं घेतलं नाही. नवी आज्ञा लिहिली, पण शेवटी ‘--सगळ्याला-हो’ जोडलं नाही. मग लॅपटॉप आईच्या पलंगावर ठेवून प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले. त्या दिवशी जाई दुपारची झोपलीच नाही. ती लॅपटॉपच्या वायरीला लोंबकळत होती आणि मी वाचत होते.

बोलण्याचा वेग वाढवायचा का? ठण्. शब्द शहरी करायचे का? आईनं एवढ्या जोरात ठण् केलं की दांडीचा रंग उडाला. शिवी आली तर गाळायची का? ती जरा विचारात पडली. मग ठण्. मी हसले, तीही हसली, तिच्या तोंडाची डावी बाजू हसली.

एकोणिसावा आला. मी सावकाश वाचला. वापरणारी व्यक्ती बोलताना थांबली तर उरलेलं वाक्य पूर्ण करायचं का?

आईनं ग्लास खाली ठेवला. वळलेल्या मुठीनं, पत्र्यावर मारायची तशी, तिनं दांडीवर एकदाच मारलं.

शेवटचा प्रश्न होता, ही उत्तरं पुढच्या प्रत्येक नव्या ॲपसाठी कायमची धरून चालू का? मी तिच्याकडे पाहिलं. ठण्. बरोबर होतं तिचं. पुढचा माणूस दुसरा असेल, त्याला त्याचं विचारायला हवं.

नवं ॲप बरंच कमी बोलायचं. शुक्रवारी दिवसभरात आई अकरा शब्द बोलली. शनिवारी चौदा. एकेका शब्दाला दहा-दहा सेकंद लागत, आणि एकदा तर “कूलर” एवढं म्हणायला पाऊण मिनिट गेलं. ते पाऊण मिनिट मी काय केलं असेल? माझ्या तोंडात “पंखा? पाणी? बाथरूम?” असं सगळं येत होतं. जीभ चावून बसले. वाक्य पूर्ण करायची खोड एकट्या यंत्राला नव्हती.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. मी त्याला दारातच सगळं सांगितलं, नोंदी दाखवल्या. तो चिडला. साहजिक होतं. “म्हणजे तुले तिले पाठवायचं नाही, म्हणून आता मशीनच बदललं,” तो म्हणाला. “मागच्या रविवारी बोलली ती आई नव्हती, आणि आता जी बोलेल ती आई? कोणी ठरवलं?”

त्याचा प्रश्न सोपा नव्हता. मी त्याला म्हटलं, “माझं ऐकू नको. तिच्यासमोर बस. पण बसायचं म्हणजे बसायचं. मधे बोलायचं नाही, कितीही वेळ लागला तरी.”

तो बसला. वहिनी खुर्चीवर, हर्षल दारात, मी जाईला घेऊन खिडकीशी. दादानं परत विचारलं, आई, नागपूरला येतेस का?

“न,” फोन म्हणाला. मग काहीच नाही.

दादाचा हात हलला. मी त्याच्याकडे पाहिलं. कूलरचा पंखा घरघरत होता. वीस सेकंदांनी, “नाई.” पुन्हा शांतता. आईच्या कपाळावर घाम होता, गळ्याची शीर ताणली होती. वहिनी पुसायला उठणार तेवढ्यात आईनं डोळ्यांनीच तिला बसवलं. रत्नाबाईची ती नजर.

“नागपूरले. नाई. जात.”

दादानं मान खाली घातली. आणि खरं सांगते, माझ्या मनात त्या क्षणी एक लहानशी फुशारकी आली. ती माझ्याकडे राहणार होती. मी जाईला घट्ट धरलं.

“इथं बी,” फोन म्हणाला.

मी थांबले. सगळे थांबले. जाईसुद्धा.

“नाई.”

मला वाटतं अर्धं मिनिट गेलं. मला तिला सांगायचं होतं की आई, असं काय म्हणतेस, मी काय कमी केलं, रात्रंदिवस. वाक्यं तयार होती. ‘आई, तू दमलीस, नंतर बोलू.’ ‘आईला म्हणायचंय की माझ्यावर भार नको.’ एखादं मधे टाकलं असतं तर सगळ्यांनी ते आईचंच म्हणून घेतलं असतं. मी गप्प राहिले.

“मी. माह्या. घरी. जातो.” मग बरंच थांबून, “अकोटले. बेबी आहे.”

बेबीताई तेलगोटे म्हणजे आईसोबत भरती झालेली दुसरी कंडक्टर. अकोटला आईच्या दारासमोर तिचं दार. दोघी निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायच्या. लकवा झाला तेव्हा दवाखान्यात आधी तीच पोचली होती. आई तिच्याकडे परत जाईल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. दादाच्या यादीत नागपूर होतं, माझ्या यादीत अकोला होतं.

दादानं मान वर केली. “हे काही मशीन नाही बोललं,” तो म्हणाला. “मशीननं असं कोणाचंच मन मोडलं नसतं.” मग तो नाक शिंकरून उठला आणि बेबीताईला फोन लावायला बाहेर गेला. ती फोनवर काय म्हणाली ते आत आम्हाला ऐकू आलं, एवढी ती जोरात बोलते. चार महिने झाले, ओटा झाडून ठेवते मी, असं काहीसं.

पुढच्या दहा-बारा दिवसांत आम्ही अकोटच्या घरात दांड्या बसवल्या, बाथरूममध्ये खडबडीत फरशी लावली, घसरली तर फोन स्वतः मला, दादाला आणि बेबीताईला कळवेल अशी सोय केली. तीही आईला विचारून. तिनं ठण् ठण् केलं म्हणून.

आणि जाईच्या दोन झोपांमध्ये मी आणखी एक काम केलं. ‘पेर’ सगळ्यांसाठी खुलं अवजार आहे, कुणीही त्यात बदल सुचवू शकतं. मी एकच सुचवला. माणसाच्या वतीनं बोलणारं ॲप असेल, तर एकोणिसावा प्रश्न ‘--सगळ्याला-हो’नं ओलांडता येणार नाही. तिथे थांबावंच लागेल, आणि उत्तर ज्याचा आवाज आहे त्यानं द्यायचं. खाली आईची गोष्ट लिहिली, दहा ओळींत. वाटलं होतं, कुणी बघणार नाही. दोन दिवसांत त्याखाली चारशे माणसांनी लिहिलं. इस्लामपूरच्या एका मुलानं लिहिलं की त्याचे वडील पट्टी लावल्यापासून किती समजूतदार झाले म्हणून घरात कौतुक चाललं होतं, आज नोंदी काढल्या. वाशीमच्या एका बाईनं फक्त एवढंच लिहिलं, की माझ्या आजीनं ऑपरेशनला ‘चालेल’ म्हटलं होतं.

बदल स्वीकारला गेला. आता जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कुणी असं ॲप पेरायला घेतलं की एकोणिसाव्याला अवजार अडतं आणि वाट बघतं.

आई दादाच्या गाडीतून गेली नाही. तिला एसटीच पाहिजे होती. अकोल्याच्या स्टँडवरून अकोटची विजेवरची गाडी, बिनकंडक्टरची, एकटी तरुण ड्रायव्हर मुलगी. दादा बॅगा घेऊन आईच्या बाजूला बसला, आयुष्यात पहिल्यांदा विनातक्रार. मी जाईला कडेवर घेऊन खाली उभी होते. खिडकीतून आईनं जाईचा पाय धरला, अंगठा दाबला, सोडला. फोन काही बोलला नाही. तिलाही काही बोलायचं नसावं, आणि असलं तरी ते तिचं होतं.

मग तिनं डावी मूठ उचलली आणि खिडकीच्या बाजूच्या पत्र्यावर मारली. एक, दोन. ड्रायव्हर मुलीनं आरशात पाहिलं. तिनं असली घंटी कधी ऐकली नसेल, पण गाडी निघाली.

आता रोज दुपारी, जाईला झोप लागायच्या जरा आधी, अकोटहून फोन येतो. उचलला की आधी काहीच ऐकू येत नाही. मी “हॅलो” म्हणते आणि थांबते. पंख्याचा आवाज असतो, बेबीताई ओट्यावरून कुणाला तरी हाकलत असते, लांबून एखादी गाडी वळण घेते. जाई माझ्या खांद्यावर मान टाकून ऐकते. तिनं एवढ्यात थांबायचं शिकून घेतलं आहे, मला तीस वर्षं लागली.

अकरा सेकंद. बारा.

“जाई,” आई म्हणते. आणि मग, तिच्या वेळेनं, “जेवली?”